तंबू राहू द्या

काउंटरमागच्या मुलीनं नकाशा आमच्याकडे फिरवला आणि हिरव्या मार्करनं आमच्या जागेभोवती एक गोल काढला. पुढचं सगळं ती पाठ असल्यासारखं बोलत गेली. ही चिठ्ठी गाडीच्या काचेला लावा, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, पडलेली वाळकी फांदीसुद्धा उचलून जाळायची नाही, खाण्याचे डबे बाहेर ठेवू नका, रकून येतात. मी मान हलवत पर्स आवरायला लागले होते. तेवढ्यात तिचा आवाज जरा खाली आला. त्याच मार्करनं तिनं गोलापासून एक बाण काढला, नदीकडे पाठ केलेला, चढावर जाणारा. "रात्री जोराचा पाऊस लागला किंवा पाण्याचा आवाज वेगळा वाटला, तर इकडं चढा. चालत. कुणी सांगायला येईल म्हणून थांबू नका. तंबू राहू द्या." एवढं बोलून तिनं मागच्या कुटुंबाला पुढं बोलावलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि झाडांमागून पोरांचा पाण्यात उड्या मारल्याचा आवाज येत होता. आईनं विचारलं, "शेवटी काय म्हणाली गं ती?" मी सांगितलं. आई काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिनं माझ्या हातातून नकाशा काढून घेतला, चष्मा लावला आणि तंबूच्या जागेपर्यंत तो मांडीवर धरून ठेवला.

गार्नर स्टेट पार्क आमच्या घरापासून, म्हणजे सॅन अँटोनिओपासून, दोनेक तासांवर आहे. फ्रिओ नदीचा जवळजवळ तीन मैलांचा तुकडा या उद्यानातून वाहतो. टेक्सासमधल्या राज्य उद्यानांत मुक्कामाची जागा पाच महिने आधीपासून धरता येते आणि उन्हाळ्यात गार्नरला जागा हवी असेल तर ती तशीच धरावी लागते. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीची जागा मार्चमध्येच घेतली होती. लेकाची शाळा सुरू व्हायच्या आत, आई इथं असताना. मग २०२५ ची चार जुलै आली. इथून ईशान्येला असलेल्या ग्वादालूप नदीला पहाटेच्या अंधारात पूर आला. हंट गावापाशी पाऊण तासात पाणी सुमारे २६ फूट चढलं. काठावरच्या उन्हाळी शिबिरात झोपलेल्या लहान मुली, आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, झोपलेली कुटुंबं, सुट्टीला आलेले आजी-आजोबा. त्या दिवसांतल्या पुरांनी राज्यात सव्वाशेहून अधिक माणसं नेली. आमच्या मंडळातल्या प्रत्येकानं विचारलं, आता कशाला जाताय? नवऱ्यानं बुकिंग रद्द करायचं पान उघडूनही ठेवलं होतं. त्यावर आई एवढंच म्हणाली, "नदी निराळी आहे ना? मग बघून तरी येऊ." सांगलीच्या गावभागात उभं आयुष्य काढलेल्या बाईनं हे म्हणावं, याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला.

या मुलखाला हिल कंट्री म्हणतात. लांबून बघितलं तर बुटक्या ओकच्या आणि ज्युनिपरच्या झाडीनं झाकलेल्या गोल गोल टेकड्या, आणि मधूनच उघडा पडलेला पांढरा चुनखडीचा दगड. माती जेमतेम वीतभर. आखाताकडून येणारी दमट हवा या टेकड्यांच्या कडेला, बालकोनेस नावाच्या उतारावर, अडते, वर चढते आणि कधीकधी एकाच जागी रिती होते. धरून ठेवायला माती नाही, म्हणून पडेल तो थेंब दगडावरून थेट ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत येतो. येताना आम्ही डहॅनिस नावाच्या छोट्या गावावरून आलो. १९३५ च्या ३१ मे रोजी या गावाजवळ पावणेतीन तासांत २२ इंच पाऊस पडला होता. पर्जन्यमापनाच्या पुस्तकांत तो आकडा अजून विक्रम म्हणून छापतात. आणि याच मुलखात दुष्काळही असा पडतो, की अलीकडच्या एका उन्हाळ्यात फ्रिओचं वाहणंच काही ठिकाणी थांबलं होतं. लोक पाण्यावर तरंगायच्या ट्यूब घेऊन आले आणि दगड बघून परत गेले. रस्त्यात जिथं नदीनाले आडवे येतात तिथं बऱ्याच ठिकाणी पूलच नाही, रस्ताच खाली उतरून पात्रातून जातो आणि पलीकडे वर चढतो. कडेला पांढरा खांब आणि त्यावर फुटांचे आकडे. एक, दोन, तीन, चार, पाच. आईनं असा पहिला खांब बघितला आणि गाडीतल्या गाडीत ताठ बसली. "इथं पण फूट बघतात?"

तिनं ताठ बसावं हे सांगलीकर असेल त्यालाच समजेल. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना बरं आहे का असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं?" असं विचारतात. १९२९ सालचा तो पूल, आणि त्याच्याखाली कृष्णेचं पाणी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. लहानपणी मला हे पाढ्यांच्या आधी येत होतं. पाऊस आमच्या गावात पडो न पडो, महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पडला की दोन-तीन दिवसांनी पाणी आमच्या घाटाच्या पायऱ्या चढणार हे ठरलेलं. कोयनेतून किती क्युसेकचा विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा, वारणेनं हरिपुरात संगमावर किती रेटा दिलाय, याच्या चर्चा पानाच्या टपरीवर चालायच्या. कृष्णा येते ती सांगून येते, पायरी पायरीनं येते. संध्याकाळी घाटावर जाऊन किती पायऱ्या उरल्या ते मोजून यायचं आणि घरी येऊन जेवायचं. म्हणूनच की काय, माणसं उशिरापर्यंत हलत नाहीत. पाणी सावकाश येतं त्याचा भरवसा वाटतो, आणि सावकाश येणाऱ्या पाण्यातही माणूस बुडतो हे आम्हाला दर पंधरा-वीस वर्षांनी नव्यानं कळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी इथं, सॅन अँटोनिओत होते. आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, बाबांनी स्वतः तेलाच्या रंगानं ओढलेली, शेजारी तारीख. घरातलं सगळं सामान त्यांनी त्या रेघेच्या वर चढवलं. पलंगाखाली विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर ट्रंका. रेघेच्या वर पाणी जात नाही, असं ते फोनवर मला ठामपणे सांगत होते, आणि त्या रेघेवर माझाही विश्वास होता. इकडं रात्र, तिकडं दिवस. आयर्विनला ५२, ५३, ५४. २००५ चा आकडा मागं पडला तसा फोन लागेनासा झाला. शेवटी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडीच उलटली. आई-बाबा सुखरूप एका शाळेतल्या छावणीत आहेत हा निरोप मला कुणा तिसऱ्याच्या फोनवरून मिळाला. ते नेमके कसे निघाले, किती वाजता निघाले, हे बाबांनी कधी सांगितलं नाही. "अजून तासभर मिळाला असता तर कपाट वाचलं असतं," एवढं मात्र ते जाईपर्यंत म्हणत राहिले.

तंबू राहू द्या, हे चार-पाच वर्षांच्या नोकरीतली एक मुलगी काउंटरवरून किती सहज म्हणून गेली.

आमची जागा पेकनच्या झाडांखाली होती. नदी तिथून दिसत नव्हती, ऐकू येत होती. तंबू उभा करायला नवऱ्याला आणि लेकाला वेळ लागला, कारण वीतभर मातीखाली खडक, खुंटी शिरता शिरेना. आईनं तेवढ्यात सगळी जागा झाडून काढली. इथं कुणी जमीन झाडत नाही, पण तिला पसरायच्या आधी झाडल्याशिवाय चैन पडत नाही. मग आम्ही पाण्यावर गेलो. फ्रिओचं पाणी पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही इतकं नितळ असतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची नखं दिसतात, आणि लांबून तेच पाणी कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवं. काठानं सायप्रसचे प्रचंड बुंधे, त्यांची मुळं खडकाला कवळून सरळ पाण्यात उतरलेली. मुळांवर बसून पोरं पाय हलवत होती. आईनं आधी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, मग पाऊल आत टाकलं. पाणी पायाला झोंबण्याइतकं गार. ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून खडकावर बसली आणि खूप वेळ नुसती बघत राहिली. ट्यूबवर आडवे पडलेले बाप, ओरडणाऱ्या आया, पाण्यात पाय सोडून खुर्चीवर बसलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या आज्या. "इथं कुणी धुणं धूत नाही, निर्माल्य नाही, काही नाही. नुसती नदीसाठी नदीवर आलीत माणसं," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं का वाईट वाटणं होतं, मला ठरवता आलं नाही. मला स्वतःला दोन्ही वाटत होतं. आमच्या कृष्णेच्या पाण्यात माझा लेक असा तोंड बुडवून पडलेला मला चालेल का? मी लहानपणी पडायचे.

संध्याकाळी सगळं उद्यान एका दगडी इमारतीकडे चालायला लागतं. उन्हाळ्यात रोज रात्री तिथल्या फरसबंदीवर ज्यूकबॉक्स लावून नाच होतो. १९४० च्या दशकापासून ही रीत चालू आहे. आजोबा-आजी इथंच भेटले होते, असं सांगणारी कुटुंबं तुम्हाला दर उन्हाळ्यात भेटतील. आईचं लक्ष नाचापेक्षा भिंतीकडे. ती हात फिरवून दगडांच्या दरजा बघत होती. चुनखडीचे घडीव दगड, सायप्रसच्या लाकडाच्या तुळया. मी तिला सांगितलं, हे मंदीच्या काळात बेकार पोरांनी बांधलंय. १९३५ पासून सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतली पोरं इथं छावणी करून राहिली, त्यांनी रस्ते केले, दगड फोडले, ही इमारत उभी केली. उद्यान उघडलं १९४१ साली. पोरांना महिना ३० डॉलर पगार होता आणि त्यातले २५ सरकार परस्पर घरी पाठवत असे. आई म्हणाली, "मग पाच डॉलरात काय करत असतील गं ती?" आणि मग बराच वेळानं, "छावणीतच राहिली म्हणजे, सगळी वर्षं." तिला काय आठवत असेल ते मला कळलं. आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उचल आधीच खर्चून बसलेली माणसं. कारखान्याच्या आसपास, ओढ्याकाठी, नदीकाठी पालं आणि कोप्या पडतात. पाचटाच्या भिंती, वर काळा कागद, पुढं तीन दगडांची चूल, बैलं आणि पोरं एकाच अंगणात. शाळेत जाताना मी ती बघत जायची. त्यांच्यातल्या कुणाला कधी कुणी नकाशा हातात दिला नाही, का चढावर जायचा बाण काढून दिला नाही. आणि आम्ही भाडं भरून, पाच महिने आधी जागा धरून, कापडाखाली झोपायला आलो होतो. हे मला टोचत होतं आणि तरीही त्या फरसबंदीवर दोन-दोन वर्षांची पोरं बापाच्या पावलांवर पावलं ठेवून नाचताना बघून माझं मन भरून येत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, त्यातलं एकही मी सोडायला तयार नाही.

आमच्या वाटेच्या तोंडाशी एक लांबलचक आरव्ही उभी होती. दारापुढं छत ओढलेलं, खाली सतरंजी, कुंडीत तुळशीसारखं काहीतरी. ते बेसिल निघालं आणि आईनं त्याला हात जोडले. तिथली बाई आणि तिचा नवरा कॅम्प होस्ट होते. म्हणजे आठवड्यातले काही तास उद्यानाचं काम करायचं, पाहुण्यांना काय हवं-नको बघायचं, आणि बदल्यात आरव्ही लावायची जागा फुकट. सत्तरीच्या आसपासची दोघं. मूळची लबकची, पार कोरड्या सपाट मुलखातली. घर विकून टाकलं आणि आता उन्हाळा इथं, हिवाळा समुद्राकडे. आईला हे काही केल्या पचेना. "पण यांचं घर कुठं आहे?" "हेच घर." "अगं, पण पत्र कुठं येतं?" मी विचारून सांगितलं, मुलीच्या पत्त्यावर. मग आईला पटलं. मला मात्र दुसरंच विचारायचं होतं. रात्री पाणी आलं तर तुमचं बरं आहे, घराला चाकं आहेत, असं मी म्हटलं. त्या बाईनं मान हलवली आणि मला मागच्या बाजूला नेलं. पाण्याचा पाइप, विजेची जाड केबल, सांडपाण्याची नळी, पातळी साधायला चाकांखाली सारलेले ठोकळे, खाली सोडलेले जॅक, भिंतीबाहेर सरकवलेली खोली. हे सगळं काढायचं, आत घ्यायचं, मग ट्रक मागं आणून जोडायचा. उजेडात, दोघं धडधाकट असताना अर्धा तास. "चाकांच्या भरवशावर राहिलं तर माणूस गाडीजवळ थांबतो," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय, बॅटरी आणि औषधं घ्यायची, दारं ठोठावत वर जायचं. हे राहील नाहीतर जाईल." सगळा संसार त्या पत्र्याच्या लांब खोलीत होता. लग्नाचे फोटो, नातवंडांची चित्रं फ्रिजवर. ती इतक्या साधेपणानं बोलत होती की मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

रात्री झोपायच्या आधी आईनं उशाशी एक पुडकं करून ठेवलं. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, पासपोर्ट, बॅटरी. चपला तंबूच्या दाराशी, तोंडं बाहेर करून. किड्यांचा कर्कश आवाज चालू होता आणि आरव्हींच्या एसीची घरघर. मध्यरात्रीनंतर डोंगरापलीकडे वीज चमकायला लागली. आवाज नाही, नुसता उजेड. मी उठून बसले तर आई बसलेलीच होती. नवरा आणि लेक गाढ झोपलेले. आम्ही दोघी बाहेर येऊन बाकावर बसलो. होस्ट बाईसुद्धा बॅटरी घेऊन वाटेवरून चालत आली, फोनवरचा रडार दाखवला, ढग उत्तरेकडून पुढं सरकतोय, आपल्या खोऱ्यात नाही, पण तासभर मी जागीच आहे, असं म्हणाली आणि पुढच्या तंबूकडे गेली.

तेव्हा आईनं सांगितलं.

"होडी दारापर्यंत आली होती. पोरं ओरडत होती, चला, चला. तुझे बाबा पोटापर्यंत पाण्यात उभे राहून कपाटाला दोरी बांधत होते. माळ्याच्या कडीला. म्हणाले, तू वर माळ्यावर बस, पाणी आता उतरेल. रेघेच्या वर जात नाही. मी रेघ बघितली तर ती दिसतच नव्हती. पाण्याखाली गेली होती ती. त्यांना दाखवलं तरी पटेना. मग मी एकटीच जाऊन होडीत बसले. म्हटलं, मी चालले. तुम्ही कपाट घेऊन या." ती जरा थांबली. "लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना सोडून कुठं निघाले असेन. होडी वळली तेव्हा आले. दोरी हातातच होती." कपाटात काय होतं, हे मला माहीत होतं. आजीची पैठणी, माझी प्रगतिपुस्तकं, बाबांच्या अडत दुकानातल्या नोकरीच्या काळातल्या डायऱ्या, घराची कागदपत्रं. सगळ्याचा लगदा झाला. बाबांनी तिला त्यावरून बोल लावला होता का, असं मी विचारलं. "बोलले नाहीत. पण माझ्याकडे बघून तासाचा हिशोब करायचे," ती म्हणाली. आणि मग, "त्या पोरीनं इतक्या सरळ सांगितलं बघ. मला वाटत होतं, मी काहीतरी कठोर केलं."

विजा चमकत होत्या, दर खेपेला थोड्या लांब. मी तिचा हात धरला, आणि मला बाबांचाही पुळका आला. दोन दिवस खपून त्यांनी ते सामान वर चढवलं होतं. गोष्टी सोडून देणं ज्याच्याकडे पुष्कळ गोष्टी आहेत त्याला सोपं. आमचा तंबू उद्या दुकानातून परत आणता येतो. त्यांचं कपाट पगारातून दर महिन्याला थोडं थोडं करून घेतलेलं होतं. मी हे आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच मी आधी बसले. ते आधी बसले नसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं तिला उत्तर नकोही होतं. थोड्या वेळानं ती आत जाऊन झोपली, आणि सकाळी लेकानं भडंगाचा डबा उघडेपर्यंत उठली नाही.

परतताना आम्ही मुद्दाम युवाल्डी गावाकडून आलो. मला आईला नदीची पुढची गंमत दाखवायची होती. उद्यानातून खळाळत निघालेली फ्रिओ थोडं दक्षिणेला गेली की भेगाळलेल्या चुनखडीवर येते आणि तिचं बरंचसं पाणी जमिनीत उतरतं. निपा गावाच्या अलीकडे हमरस्त्याच्या पुलावरून बघितलं तर खाली पांढऱ्या गोट्यांचं रुंद कोरडं पात्र. दोन दिवस जिच्यात डुंबलो ती हीच, हे लेकाला पटेना. तो पुलाच्या कठड्याशी उभा राहून वरच्या बाजूला बघत होता, पाणी मागून येतंय का म्हणून. नवऱ्यानं त्याला समजावलं, ते खाली एडवर्ड्‌स जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी साठवणाऱ्या खडकात, गेलं, दगडातल्या पोकळ्यांतून ते पूर्वेकडे सरकतं, आणि सॅन अँटोनिओचं पिण्याचं पाणी मुख्यतः त्याच जलधरातून येतं. जे जमिनीवर राहतं ते पुढं न्यूएसेस नदीला मिळून कॉर्पस क्रिस्टीच्या खाडीला जातं.

"म्हणजे घरी नळाला हीच येते?" आईनं विचारलं.

"थोडीफार असेलच."

"मग आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "रोज भांडी घासताना नळ सोडून ठेवतेस."